घरखर्चाचे पान

व्यापारी घराण्यात हिशेबाला संस्काराचे स्थान असते. दिवाळीला वहीपूजन होते, पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, आणि त्या दिवसापासून दुकानात आलेला प्रत्येक कट्टा व गल्ल्यातून गेलेला प्रत्येक पैसा त्या वहीत आपली जागा घेतो. मात्र त्याच घरातील आईची औषधे, मुलीचे शिक्षण, परावलंबी माणसाची शुश्रूषा यांवरील खर्च त्या वहीत कोठे आढळत नाही. तो गल्ल्यातून काढलेल्या नोटांनी भागतो आणि ‘घरखर्च’ या एका शब्दाखाली विरून जातो. प्राप्तिकराच्या कायद्याने सामान्य करदात्यासाठी ज्या सवलती ठेवल्या आहेत, त्यांतील कमी परिचयाच्या सवलती बहुतांशी याच विरून गेलेल्या खर्चाच्या आहेत. कर कसा वाचवावा, असा प्रश्न दरवर्षी मार्च महिन्यात विचारला जातो. घरात काय चालले आहे ते वर्षभर लिहून ठेवले होते काय, हा प्रश्न त्याच्या आधी यावयास हवा.

होटगी हे दक्षिण सोलापूर तालुक्यातील गाव. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गापासून विजयपूर-गदगची वाट येथे फुटते. ती वाट मीटर गेजची होती तोवर येथे गाडी बदलावी लागे आणि मालही एका गाडीतून दुसऱ्या गाडीत चढवावा लागे. गावात सिमेंटचा कारखाना आहे, सोलापूरला रोज जा-ये करणारी मंडळी आहेत, आणि दुकानात येणारे गिऱ्हाईक मराठीत भाव विचारून कन्नडमध्ये घासाघीस करते. अशाच एका किराणा-भुसाराच्या दुकानावर चालणाऱ्या जैन कुटुंबाची ही हकीकत आहे. घरात अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई, दुकान सांभाळणारा धाकटा मुलगा, त्याची पत्नी, पुण्यात अभियांत्रिकी शिकणारी मुलगी आणि आईचा थोरला मुलगा. या थोरल्याला गावात सगळे ‘अण्णा’ म्हणतात. अण्णांची बुद्धी लहानपणीच थांबली. पंचावन्न वर्षांचे वय, पण मन सहा-सात वर्षांच्या मुलाचे. सकाळी दुकानाच्या पायरीवर बसून ते रद्दीच्या कागदांच्या पुड्या बांधतात, त्या शंभर झाल्या की उठून भावाला दाखवतात.

गेल्या दिवाळीनंतर हा दुकानदार सोलापुरातील आपल्या कर सल्लागारांकडे गेला. घरासाठी काढलेले कर्ज, मुलीच्या शिक्षणाचे कर्ज, वाढता दवाखाना यांनी तो गांजला होता आणि कर मात्र दरवर्षी वाढत होता. सल्लागारांनी प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली. प्राप्तिकराच्या दोन प्रणाली आहेत. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर तशी निवड करावी लागते. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. शेअर विकून झालेल्या भांडवली नफ्यासारखे विशेष दराचे उत्पन्न या सुटीत येत नाही, हे ध्यानात ठेवावे. ज्यांचे उत्पन्न या मर्यादेत आहे, त्यांनी वजावटींच्या मागे धावण्याचे काही कारणच उरत नाही. त्यांच्यासाठी सर्वांत मोठी बचत म्हणजे नवी प्रणाली आणि वेळेवर भरलेले विवरणपत्र.

प्रश्न १२ लाखांच्या पुढे असलेल्यांचा असतो. या दुकानदाराचे उत्पन्न १४ लाख रुपये होते. नव्या प्रणालीत त्यावर उपकरासह ९३,६०० रुपये कर येत होता. जुन्या प्रणालीत वजावटी मिळतात, परंतु दर चढे आहेत. कोणती वाट स्वस्त, हे वजावटींची बेरीज केल्यावाचून कळत नाही. शिवाय व्यापाऱ्याला ही वाट नोकरदाराप्रमाणे दरवर्षी बदलता येत नाही. त्याला विवरणपत्राच्या मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए भरून जुनी प्रणाली निवडावी लागते. तेथून नव्या प्रणालीत परतण्याची संधी एकदाच मिळते, आणि त्यानंतर व्यवसायाचे उत्पन्न असेपर्यंत जुनीचे दार बंद होते. होटगीच्या माणसाला हे लवकर उमगले. गाडी बदलण्यापूर्वी पुढची गाडी कोठे जाते ते पाहावे, हे जंक्शनच्या गावात कोणाला शिकवावे लागत नाही.

मग बेरीज सुरू झाली. भविष्य निर्वाह निधी, विमा, गृहकर्जाचे मुद्दल असे मिळून कलम ८०सीची दीड लाखाची मर्यादा भरली होती. राहत्या घराच्या कर्जावरील व्याज दोन लाख रुपये होते. येथपर्यंतचे सर्वांस ठाऊक असते. त्यापुढे सल्लागारांनी आईची चौकशी केली. आईचा आरोग्य विमा कधी काढलाच नव्हता; आता या वयात तो परवडत नव्हता. विमा नाही म्हणजे सवलतही नाही, अशी दुकानदाराची समजूत होती. वास्तविक कलम ८०डीनुसार साठ वर्षे पूर्ण झालेल्या आईवडिलांचा आरोग्य विमा नसेल, तर त्यांच्या उपचारांवर प्रत्यक्ष केलेला खर्च ५० हजार रुपयांपर्यंत वजावटीस पात्र ठरतो. अट एकच, आणि व्यापारी घरात नेमकी तीच मोडते. हा खर्च रोखीने केलेला चालत नाही. रोख रक्कम चालते ती फक्त प्रतिबंधक आरोग्य तपासणीसाठी आणि तीही ५ हजार रुपयांपर्यंत. आईच्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या, डोळ्यांची शस्त्रक्रिया, महिन्याच्या तपासण्या, सारे काही आजवर गल्ल्यातील नोटांनी भागले होते. इतक्या वर्षांत त्या खर्चातील एक पैही वजावटीत आली नव्हती.

स्वतःच्या कुटुंबाच्या आरोग्य विम्याचा हप्ता २५ हजारांपर्यंत वजा होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि जीवन विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के जीएसटी शून्य झाला आहे. नूतनीकरणाच्या वेळी हप्त्याची पावती त्या दृष्टीने तपासून पाहावी. कर्करोग, मूत्रपिंड निकामी होणे, पार्किन्सन, थॅलेसेमिया यांसारख्या ठरावीक आजारांवरील उपचारांसाठी कलम ८०डीडीबी आहे. त्यात ४० हजारांपर्यंत आणि रुग्ण ज्येष्ठ नागरिक असल्यास एक लाखापर्यंत वजावट मिळते. त्यासाठी तज्ज्ञ डॉक्टरांची चिठ्ठी लागते आणि विम्यातून मिळालेली रक्कम वजा करावी लागते. डायलिसिसवर असलेल्या वडिलांना आठवड्यातून दोनदा दवाखान्यात नेणारा मुलगा ही चिठ्ठी बहुधा औषधांच्या पिशवीतच ठेवून देतो.

मुलीच्या शिक्षण कर्जावर त्या वर्षी ६० हजार रुपये व्याज भरले होते. कलम ८०ई अन्वये या व्याजाला रकमेची कमाल मर्यादा नाही. व्याज भरण्यास सुरुवात झाल्यापासून आठ वर्षे ते वजा होते. कर्ज बँकेचे किंवा मान्यताप्राप्त संस्थेचे असावे आणि वजावट मागणाऱ्याने ते स्वतः घेतलेले असावे. मामाकडून वा सासऱ्याकडून उसने घेतलेल्या रकमेवरील व्याज कितीही खरे असले, तरी येथे मोजले जात नाही.

एवढे सगळे धरून वजावटी ४ लाख ८५ हजार झाल्या. जुन्या प्रणालीत कर ९९,३२० रुपये आला. म्हणजे नवी प्रणाली अजूनही ५,७२० रुपयांनी स्वस्त होती. सल्लागारांनी चष्मा काढून ठेवला आणि विचारले, “तुमच्या थोरल्या भावांचे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आहे काय?”

ते नव्हते. पंचावन्न वर्षांत ते कोणी काढलेच नव्हते.

कलम ८०डीडीची ही सवलत फारशा कुटुंबांना ठाऊक नसते. आपल्यावर अवलंबून असलेले आईवडील, पत्नी, मुले, भाऊ किंवा बहीण यांना किमान ४० टक्के दिव्यांगत्व असेल, तर त्यांचा सांभाळ करणाऱ्याला ७५ हजार रुपयांची सरसकट वजावट मिळते. दिव्यांगत्व ८० टक्के वा अधिक असेल, तर सव्वा लाखाची. प्रत्यक्ष खर्च किती झाला हे येथे विचारले जात नाही, त्यामुळे प्रत्येक बिलाची पावती जपावी लागत नाही. दिव्यांग व्यक्तीला स्वतःचे उत्पन्न असून ती स्वतःच कलम ८०यूखाली वजावट घेत असेल, तर मात्र कुटुंबाला ती मिळत नाही. आवश्यक तो पुरावा म्हणजे सरकारी वैद्यकीय यंत्रणेचे प्रमाणपत्र. त्याचा तपशील आणि लागू असेल तेथे फॉर्म १०-आयए भरावा लागतो.

दुकानदार घरी आला आणि रात्री जेवणानंतर त्याने हा विषय काढला. आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “कागदावर लिहून आणल्याने तो बदलणार आहे का? आजवर आपण त्याला कमी म्हटले नाही. आता सरकारकडून लिहून आणायचे, की हा एवढे टक्के कमी आहे?” या बोलण्यात राग नव्हता. पंचावन्न वर्षे जे शब्द तिने उंबऱ्याच्या आत येऊ दिले नव्हते, तेच शब्द आता मुलगा शिक्क्यासह आणू पाहत होता. पत्नीची शंका निराळी होती. दोन वर्षांत मुलीच्या सोयरिकीचे पाहावे लागेल. घरात असा कागद असल्याचे कळले, तर लोक काय म्हणतील?

पुण्याहून सुटीला आलेल्या मुलीने दोघींचे ऐकून घेतले आणि साधेपणाने विचारले, “लपवायचे कोणापासून? होटगीत मोठ्या काकांना ओळखत नाही असे कोण आहे?” तिच्याजवळ पुढचाही विचार होता. आजी गेल्यावर आणि पुढे आईबाबाही थकल्यावर काकांच्या नावे बँकेत सही कोण करणार? वय अठराच्या पुढे गेल्यावर अशा व्यक्तीचे आईवडीलसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडून पालकत्व घ्यावे लागते, आणि त्या वाटेवरचा पहिला कागद हेच प्रमाणपत्र असते. याच न्यासाच्या निरामय योजनेत बौद्धिक दिव्यांग व्यक्तीला वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विम्याचे संरक्षण मिळते. रेल्वेच्या भाड्यात त्या व्यक्तीला आणि सोबत्यालाही सवलत मिळते. “माझ्यामागे याचे कसे होणार” हे वाक्य आई दर पर्युषणात एकदा तरी बोलत असे. त्या वाक्याला पहिल्यांदाच कोणीतरी कागदोपत्री उत्तर शोधले होते. दुसऱ्या दिवशी आईनेच अण्णांचा धुतलेला सदरा काढून ठेवला.

ऑनलाइन अर्ज झाला, सोलापूरच्या सरकारी रुग्णालयात तपासणी झाली. मानसशास्त्रज्ञांनी अण्णांना काही चित्रे दाखवली, काही प्रश्न विचारले. अण्णांनी खिशातून कागदाच्या चार पुड्या काढून त्यांच्या टेबलावर ओळीने मांडल्या. काही आठवड्यांनी प्रमाणपत्र आले. त्यावर ७५ टक्के असे लिहिले होते.

येथे एक मोह उभा राहिला. कोणाच्या तरी ओळखीचा एक मध्यस्थ दुकानात आला. पाच टक्के वाढवून आणतो, म्हणाला. ७५ चे ८० झाले की वजावट ५० हजारांनी वाढेल. हिशेब खरा होता, त्यात १०,४०० रुपयांचा कर आणखी वाचला असता. एखाद्या राजकीय पक्षाच्या देणगीची पावतीही तो देऊ करीत होता. परतावा आला की त्यातील काही टक्के त्याचे. असे मध्यस्थ अनेक गावांत फिरतात आणि त्यांचे गिऱ्हाईक बहुधा प्रामाणिक पण गोंधळलेले असते. १४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर विभागाने अशा खोट्या वजावटींच्या प्रकरणी देशभर दीडशे ठिकाणी तपासणी केली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतल्याचे सरकारने तेव्हा जाहीर केले. चुकीची माहिती देऊन उत्पन्न कमी दाखवल्यास बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो, आणि तो मध्यस्थाला होत नाही, सही करणाऱ्याला होतो. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत राज्याच्या नियमाविरुद्ध वागणे आणि खोटे माप हे दोन्ही गणले आहेत. पाच टक्क्यांचे हे खोटे माप दोहोंत बसले असते. दुकानदाराला मात्र त्या क्षणी एवढेच वाटले, की भावाला त्याहून अधिक कमी ठरवून पैसे मिळवायचे नाहीत. त्याने मध्यस्थाला चहा दिला आणि निरोप दिला.

७५ हजारांची वजावट धरल्यावर जुन्या प्रणालीत कर ८३,७२० रुपये झाला. नव्या प्रणालीपेक्षा तो ९,८८० रुपयांनी कमी होता. पारडे फिरवले ते अण्णांच्या कागदाने. ही रक्कम फार मोठी नाही. ज्या घरात वजावटी कमी आहेत तेथे हाच हिशेब उलटा पडेल. प्रत्येकाने आपली बेरीज स्वतः करावी, शेजाऱ्याची उचलू नये.

दानाच्या बाबतीतही वहीचा हाच नियम लागू होतो. सोलापुरात पांजरापोळ चौक आहे, आणि दुष्काळात मुक्या जनावरांसाठी कडबा पाठवणे या भागातील जैन घरांना नवे नाही. दान करवजावटीसाठी करावयाचे नसते, हे खरेच. तरी ज्यांना ती घ्यावयाची आहे, त्यांनी काही गोष्टी जाणाव्यात. वस्तुरूपाने दिलेल्या कडब्याला वजावट नाही. कलम ८०जीखाली २ हजार रुपयांहून अधिक रोख देणगी ग्राह्य धरली जात नाही. संस्थेला ८०जीची मान्यता असावी लागते आणि तिच्याकडून फॉर्म १०बीई घ्यावा लागतो. विशिष्ट धर्मसमूहापुरत्या संस्थांना सामान्यतः ही मान्यता मिळत नाही. त्यामुळे चातुर्मासातील बोलीची रक्कम बहुधा या कलमात बसत नाही, याचा राग मानू नये.

व्यापाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. कलम ४४एडीच्या अंदाजित उत्पन्न पद्धतीत रोख विक्रीवर किमान ८ टक्के नफा धरला जातो, बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर ६ टक्के. एक कोटीची सर्व विक्री रोखीने झाली तर किमान उत्पन्न आठ लाख, बँकेतून झाली तर सहा लाख. प्रत्यक्ष नफा याहून अधिक असेल तर तोच दाखवावा. नफ्याचे प्रमाण खरोखर कमी असलेल्या भुसार दुकानदाराला मात्र गल्ल्याशेजारी चिकटवलेला तो चौकोनी कोड लाभाचा ठरतो.

आईच्या नावे असलेल्या ठेवींतून बँक दरवर्षी कर कापत होती आणि विवरणपत्र कोणी भरत नव्हते. कापलेला कर म्हणजे गेलेला कर, असे घरात गृहीत होते. वर्षाचा अंदाजित कर शून्य असणाऱ्या ज्येष्ठ नागरिकाने बँकेला फॉर्म १५एच दिला तर कर कापला जात नाही. १ एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांच्या बाबतीत एक लाखापर्यंतच्या बँक व्याजावर कापणी होतही नाही. आधीच कापलेला कर विवरणपत्र भरून परत मिळवता येतो. मुदत टळलेल्या वर्षांसाठी सबळ कारण असल्यास विलंबमाफीचा अर्ज करता येतो. त्याला कर निर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांची मर्यादा आहे. आईच्या नावे तसा अर्ज तयार झाला. त्यावर सही करताना तिने विचारले, की हे पैसे आले तर ते कोणाचे. ते तिचेच, असे सांगितल्यावर ती म्हणाली, “मग ते त्याच्या नावाने ठेवा.”

१ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम, २०२५ लागू झाला असून १९६१ च्या कायद्यातील कलमांचे ओळखीचे क्रमांक बदलले आहेत. २०२५-२६ च्या उत्पन्नाला जुनाच कायदा लागू असल्याने या लेखातील क्रमांक त्या कायद्याचे आहेत. पुढील वर्षी सल्लागारांकडे जाताना क्रमांक पाठ असण्याची गरज नाही. कोणाचे आजारपण, कोणाचे शिक्षण, कोणाचा सांभाळ आणि त्यासाठी बँकेतून कोणत्या तारखेला किती रक्कम गेली, एवढे सांगता आले पाहिजे.

होटगीच्या त्या दुकानात आता विक्रीच्या वहीशेजारी एक पातळ वही असते. आईची औषधे, मुलीच्या कर्जाचा हप्ता, विम्याचा हप्ता, पांजरपोळीची देणगी यांची पाने त्यात आहेत. अण्णांसाठीही एक पान आहे. त्यात प्रमाणपत्राचा क्रमांक, पालकत्वाच्या अर्जाची तारीख आणि आईच्या सांगण्यावरून उघडावयाच्या ठेवीची नोंद आहे. वहीला पुठ्ठा घालण्याचे काम अण्णांनी केले.